या आवाजाला कान नाहीत

दुपारची वेळ. चाळीत सामसूम. आत्याचा फोन वाजतो. आत्या पदराला हात पुसते, चष्मा लावते, फोन कानाला लावते. पलीकडं मोठा साहेब. पोस्टरवर हात जोडून उभा असतो, तोच. ‘नमस्कार, माझ्या बंधू आणि भगिनींनो...’

आत्या सावरून बसते. ‘जय भीम साहेब. आठ दिस झाले, नळाला पाणी नाही.’

साहेब बोलतच राहतो. विकास. रस्ते. महिलांचा सन्मान. आत्याला वाटतं ऐकू गेलं नसेल. ती आवाज चढवते. ‘साहेब, ऐकताय ना? रात्री अडीचला बोटाएवढी धार येते. बाया भांडतात, डोकी फुटायची वेळ येते.’ साहेब म्हणतो, आपलं बहुमोल मत आम्हालाच द्या. मग खट्. फोन बंद.

आत्या आमच्याकडं बघते. ‘माणूस मोठा आहे. पण ऐकून घेतलं नाही बघ.’

आम्ही पोरं हसलो. म्हटलं, आत्या, तो माणूस नव्हताच. एकदा बोलून ठेवलंय, मशीन तेच सगळ्यांना ऐकवतं. आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे मी कुणाशी बोलत होते?’

आमचं हसू तिथंच अडकलं. हे संपादकीय त्या प्रश्नापायी लिहिलंय.

दोस्तहो, निवडणूक आली की हे फोन तुम्हालाही येतात. तुम्ही काय करता? वसतिगृहातल्या पोरांना विचारलं, नाक्यावर विचारलं, लोकलच्या डब्यात विचारलं. बहुतेकांचं उत्तर एकच : कट करतो. एकजण नंबर ब्लॉक करतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून तोच आवाज येतो. एकजण स्पीकरवर लावतो, मित्रांची करमणूक. एकजण आई-बहिणीवरून शिवी हासडतो आणि मग स्वतःच म्हणतो, मशीनला शिवी देऊन काय उपयोग. शेवटपर्यंत ऐकतात ती म्हातारी माणसं. त्यांच्या लेखी फोन वाजणं म्हणजे अजूनही कुणीतरी गेलं, नाहीतर कुणालातरी नोकरी लागली. फोन म्हणजे पलीकडं माणूस, हा त्यांचा हिशेब. त्या हिशेबावर हा धंदा चाललाय.

धंदा जुना आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत या देशातल्या घराघरातले फोन वाजले आणि पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बोलू लागले. रेकॉर्ड केलेला आवाज, पण पंतप्रधानांचा. कित्येकांना पहिल्यांदा खरंच वाटलं. दिल्लीहून थेट आपल्या घरात! ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती होत्याच, त्यात हा फोन. आणि निकाल? भाजप १३८, काँग्रेस १४५. सरकार गेलं. फोनमुळं गेलं असं कुणी म्हणणार नाही. पण फोननं ते वाचलंही नाही. लोकांनी पंतप्रधानांचा आवाज ऐकला, चारचौघांत कौतुकानं सांगितला, आणि मत द्यायचं तिथंच दिलं.

अमेरिकेत या फोनांची मोजदाद झालीय. तिथं त्यांना रोबोकॉल म्हणतात. २००६ साली टेक्सास राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत गव्हर्नर रिक पेरी यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवारासाठी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दिला. अडीच लाखांहून जास्त मतदारांची यादी. तीही आपल्याच पक्षाची, आपल्याच गव्हर्नरला मानणारी माणसं. संशोधकांनी काहींना फोन लावले, काहींना मुद्दाम लावले नाहीत, आणि नंतर दोन्ही गट पडताळले. फोन आलेले जास्त संख्येनं मतदानाला गेले नाहीत. त्या उमेदवाराकडं ठळकपणे वळलेही नाहीत. परिणाम इतका किरकोळ की असून नसल्यासारखा.

त्याआधी १९९८ साली येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात सुमारे तीस हजार मतदारांवर असाच प्रयोग केला होता. काहींच्या दारात माणूस गेला. काहींना टपालानं पत्रक गेलं. काहींना पैसे देऊन लावलेल्या कंपनीतून फोन गेला. ज्यांच्या दारात माणूस गेला त्यांचं मतदान स्पष्ट वाढलं. फोनवाल्यांचं वाढलं नाही. आणि ते फोन तर जित्या माणसांनी केलेले होते.

म्हणजे आत्याला जे एका फोनात कळलं ते विद्यापीठांना प्रयोगानं कळलं. मत मागायला दारात या. दारात आलेल्या माणसाला नळ दाखवता येतो. त्याला पाणी विचारता येतं, जाब विचारता येतो, पुढच्या वेळी गचांडी धरता येते. रेकॉर्डिंगची गचांडी कशी धरायची?

मग उपयोग नाही तर हे लोक फोन करतात कशाला? कारण स्वस्त आहे. कार्यकर्ता ठेवला तर त्याला चहा लागतो, वडापाव लागतो, त्याला प्रश्न पडतात, तो कधीतरी रुसतो, कधीतरी समोर उभं राहून ‘साहेब, लोक नाराज आहेत’ असं सांगतो. मशीन रुसत नाही. मशीन परत येऊन वस्तीचं गाऱ्हाणं सांगत नाही. प्रस्थापित पुढाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. त्याला वस्तीत आवाज पाठवायचाय, वस्तीचा आवाज परत यायला नकोय.

इथंवर सगळं ठीक. फोन आला, कट केला, संपलं. पण मित्रांनो, ‘या फोनांचा काही परिणाम होत नाही’ असं म्हणून पाय पसरून बसाल तर फसाल. मत मागणाऱ्या फोनाचा परिणाम होत नाही. मत मारणाऱ्या फोनाची गोष्ट वेगळी आहे. ती डेट्रॉईटच्या काळ्या मतदारांना विचारा.

२०२० चा ऑगस्ट. कोरोनाचं वर्ष. रांगेत उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून लाखो अमेरिकन पोस्टानं मत देण्याच्या तयारीत होते. मिशिगन राज्यातलं डेट्रॉईट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर, बहुसंख्य वस्ती काळ्या कष्टकऱ्यांची. तिथल्या मतदारांच्या फोनवर एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. आपण नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेकडून बोलतोय, असं ती म्हणाली. आणि तिनं ‘सावध’ केलं. पोस्टानं मत दिलंत तर तुमची माहिती सार्वजनिक यादीत जाईल. पोलीस त्या यादीवरून जुनी वॉरंटं काढतील. क्रेडिट कार्डवाले थकबाकीच्या वसुलीला येतील. सक्तीची लस टोचायला तीच यादी वापरतील. शेवटी, काळ्यांच्या गल्लीत गोऱ्या सत्तेला ज्या नावानं हिणवतात तेच नाव वापरून ती म्हणाली, त्यांच्या हाती आपली माहिती देऊ नका, जपून राहा.

सगळं धादांत खोटं. पण खोटं किती अभ्यासून रचलेलं बघा. काळ्या माणसाला पोलिसाची भीती का वाटते, हे रचणाऱ्याला ठाऊक होतं. हातावर पोट असलेल्याच्या घरी वसुलीवाला येण्याचा अर्थ ठाऊक होता. काळ्यांच्या अंगावर डॉक्टरांनी काय प्रयोग केलेत, हेही ठाऊक असणार. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं उपदंश झालेल्या काळ्या माणसांना उपचाराविना नुसतं बघत ठेवलं होतं. या माणसांची भीती खरी होती. इतिहासानं दिलेली होती. या फोननं तीच भीती उचलली आणि तिचाच फास करून त्यांच्या मताच्या गळ्यात टाकला.

रचणारे होते जेकब वोल आणि जॅक बर्कमन, दोन गोरे, उजव्या राजकारणातले. माज इतका की रेकॉर्डिंगमध्ये संघटनेचे संस्थापक म्हणून स्वतःची नावंही टाकली होती. डेट्रॉईटच्या आसपास हा फोन सुमारे १२,००० नंबरांवर गेला, देशभरात सुमारे ८५,००० वर. आता एक आकडा शेजारी ठेवा. २०१६ साली मिशिगन राज्याचा राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल १०,७०४ मतांनी लागला होता. एवढ्या फरकानं राज्य इकडचं तिकडं होतं. मग १२,००० फोन कशासाठी ते वेगळं सांगायला नको.

इथं गणित नीट समजून घ्या. मत मागणाऱ्या फोनाला खूप काम करावं लागतं. तुमचा विश्वास मिळवायचा, तुम्हाला घरातून उठवायचं, रांगेत उभं करायचं, बटन दाबायला लावायचं. मशीनला ते जमत नाही. भीती घालणाऱ्या फोनाला तुम्ही विश्वास ठेवायचीही गरज नाही. थोडी शंका पुरते. ‘खोटंच असेल, पण उगीच कशाला?’ एवढं मनात आलं की झालं. तुम्ही घरी बसलात की त्याचं काम फत्ते. आणि हे ‘उगीच कशाला’ कुणाच्या मनात आधी येतं? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्या. ज्याच्या पोरावर खोटी केस आहे त्याच्या. ज्याच्या कागदपत्रात कुठंतरी नावाचं स्पेलिंग चुकलंय त्याच्या. बंगल्यात राहणारा असल्या फोनाला हसतो. त्याला हसणं परवडतं.

काळे मतदार मात्र नुसते घाबरून बसले नाहीत. फोन आलेल्या माणसांनी तो ऐकवला, पुढं पाठवला, तक्रारी केल्या. काळ्यांच्या मतदार-संघटनेनं आणि काही मतदारांनी मिळून न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. २८ ऑक्टोबर २०२० ला, निवडणुकीला आठवडाही उरला नसताना, न्यायाधीश व्हिक्टर मरेरो यांनी हुकूम दिला : ज्यांना ज्यांना खोटा फोन केला, त्या सगळ्यांना परत फोन करून सांगा की तो फोन खोटा होता. मशीननं ओकलेलं मशीननंच पुसा! या न्यायाधीशानं ज्या कायद्यांचा आधार घेतला त्यात एक होता १८७१ चा कू क्लक्स क्लॅन कायदा. १८७० साली गुलामीतून सुटलेल्या काळ्या पुरुषांना घटनादुरुस्तीनं मताचा हक्क मिळाला, आणि क्लॅनचे गुंड तोंडं झाकून रात्री घोड्यांवरून दारात येत होते. त्यांना आवरायला केलेला कायदा दीडशे वर्षांनी टेलिफोनवाल्यांना लावावा लागला. न्यायाधीशानं आशय असा मांडला की आजच्या धमकावणाऱ्यांच्या हातात बंदुका आणि मशाली नाहीत, टेलिफोन आणि कॉम्प्युटर आहेत. पण दहशत तीच.

पुढं ओहायो राज्यात दोघांनी गुन्हा कबूल केला. २०२२ साली शिक्षा झाली. तिचा एक भाग असा : गरीब वस्त्यांत पाचशे तास मतदारनोंदणी करा. २०२३ साली दूरसंचार आयोगानं एक्कावन्न लाख डॉलरहून जास्त दंड ठोठावला. त्याच साली न्यू यॉर्कच्या कोर्टानं निकाल दिला की या दोघांनी १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि १८७१ चा तो कायदा, दोन्ही मोडले. आम्हाला यातली पाचशे तासांची शिक्षा सगळ्यात आवडली. ज्यांची नावं खोडायला निघालात त्यांचीच नावं लिहा. लिहीत बसा.

मत मारण्याच्या आणखी दोन तऱ्हा सांगून ठेवतो. एक, पत्ता बदलण्याची. २ मे २०११ ला कॅनडात निवडणूक होती. ग्वेल्फ शहरात मतदानाच्या दिवशी सकाळी हजारो मतदारांना रेकॉर्ड केलेला फोन आला. निवडणूक कार्यालयाच्या नावानं. तुमचं मतदान केंद्र बदललंय, अमुक ठिकाणी जा. लोक गेले. तिथं केंद्र नव्हतंच. फोन करणाऱ्यानं खोट्या नावानं नंबर घेतला होता. २०१४ साली मायकल सोना नावाच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या तरुण कार्यकर्त्याला नऊ महिन्यांची कैद झाली. विचार करा, रोजंदारी बुडवून मत द्यायला गेलेला माणूस एका केंद्रावरून दुसरीकडं किती वेळा पळेल?

दुसरी तऱ्हा, आवाज चोरण्याची. जानेवारी २०२४. न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षांतर्गत मतदानाला दोन दिवस होते. मतदारांच्या फोनवर राष्ट्राध्यक्ष जो बायडन बोलू लागले : आत्ता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. बायडन असं काही बोललेच नव्हते. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेला होता. मत म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत राखून ठेवायला? पण आवाज ओळखीचा असला की माणूस क्षणभर तरी थांबतो. हा फोन घडवून आणणाऱ्या राजकीय सल्लागाराला, स्टीव्ह क्रेमरला, साठ लाख डॉलरचा दंड झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं असे बनावट आवाजाचे फोन बेकायदा ठरवले. आणि जून २०२५ मध्ये राज्याच्या कोर्टातल्या ज्युरीनं त्याला फौजदारी आरोपांतून निर्दोष सोडलं. कायदा असा लंगडत येतो. तोवर निवडणूक होऊन गेलेली असते. तिथं २००३ साली नको असलेल्या धंदेवाईक फोनांविरुद्ध सरकारी यादी सुरू झाली, तेव्हा राजकीय फोन तिच्यातून वगळले गेले. कायदा करणारे सगळीकडं सारखेच.

तुम्ही म्हणाल, डेट्रॉईटचं आम्हाला काय? तर १९७२ साली मुंबईत ज्या पोरांनी दलित पँथर उभी केली, त्यांनी नाव कुठून घेतलं होतं ते आठवा. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. समुद्रापलीकडच्या माणसांचं दुखणं आपलं वाटलं म्हणून. नाव घेतलंय तर त्यांच्यावर आज कोणतं हत्यार चालतंय, याची माहिती ठेवणंही आलं.

आणि एक गोष्ट इथंच स्पष्ट करू. कुणीतरी शहाणा म्हणेल, मतदान करू नका असं तर पँथरनंही सांगितलं होतं! होय, सांगितलं होतं. जानेवारी १९७४. मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक. खेड्यापाड्यात दलितांवर अत्याचार होतायत आणि सरकार ढिम्म, म्हणून पँथरनं बहिष्कार पुकारला. कसा पुकारला? ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींत जाहीर सभा घेऊन. तोंड उघडं ठेवून, नावानिशी, पोलिसांच्या समोर. सभेवर दगड आले. दंगल पेटली. गोळीबार झाला. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव गेला. त्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. तो बहिष्कार बरोबर होता की चूक, यावर आजही भांडा. जरूर भांडा. पण ज्यांनी मत दिलं नाही त्यांना आपण काय करतोय आणि कशासाठी, हे माहीत होतं. सांगणारा समोर उभा होता, त्याला उलट प्रश्न विचारता येत होता, आणि तो आपल्या शब्दाची किंमत स्वतःच्या रक्तानं मोजत होता. समजून उमजून मत न देणं हे राजकारण आहे. फोनवरच्या निनावी आवाजानं घाबरवून मत काढून घेणं ही चोरी आहे. दोन्ही एका तागडीत तोलू नका.

आता आपल्या दाराशी या. डेट्रॉईटच्या फोनाचा गाभा काय होता? ‘तुम्ही मत दिलंत की तुम्ही उघडे पडाल.’ हे वाक्य आपल्या खेड्यात मशीनशिवाय, पारावर बसून सांगितलं जातं. ‘कुणाला दिलं ते कळतं बरं का.’ आणि यात निम्मं खरं आहे, म्हणून ते जास्त विषारी आहे. तुमचं एकट्याचं मत कुणाला कळत नाही. ते गुप्त आहे. पण मोजणीनंतर केंद्रावार आकडे जाहीर होतात. वस्तीचं केंद्र वेगळं असेल तर वस्ती कुठं गेली ते गावाला कळतं. मग पाणी तोडतात, मजुरी तोडतात. यावर उपाय सांगितलेला आहे. अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगानं २००८ साली सुचवलं. २०१५ साली विधी आयोगानं २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. अजून ते अंमलात आलेलं नाही. भीतीचं भांडार उघडं ठेवलंय. उद्या त्यात फोन घुसला तर नवल काय?

घुसायला लागणारी सामग्रीही तयार आहे. मतदारयादी केंद्रावार मिळते. आडनावावरून जात काढता येते. फोन नंबरांच्या याद्यांचा बाजार आहे. २०२१ साली पुदुच्चेरीच्या निवडणुकीत एका पक्षानं मतदारांचे आधारशी जोडलेले नंबर मिळवून केंद्रावार प्रचाराचे गट केल्याची तक्रार मद्रास उच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयानं ती गंभीर मानली. २०२४ च्या लोकसभेत कृत्रिम बुद्धिमत्तेनं पुढाऱ्याचा आवाज बनवून माणसाला नावानिशी हाक मारणारे फोन आपल्या देशात होऊन गेले. आता आत्याला फोन येईल तो ‘बंधू-भगिनींनो’ म्हणणार नाही. तिचं नाव घेईल. तिच्या बोलीत बोलेल. कदाचित ‘जय भीम’ही म्हणेल. परवाचं मशीन उत्तर देत नव्हतं. उद्याचं उत्तरही देईल. ‘नळाचं बघतो’ म्हणेल. कान फुटलेत असं वाटेल. पण ऐकलेलं कुणाच्या काळजापर्यंत जाणार नाही, फार तर कुणाच्या यादीत जाईल : या घरी पाण्याची तक्रार, या घरी कर्ज, या घरी पोर तुरुंगात. भीती कुठं आहे त्याची यादी.

आणि स्वतःशीही खरं बोलू. हे फोन फक्त ‘त्यांचे’ नाहीत. आपलेही पुढारी आता हेच करतात. ज्यांच्या बापांनी वस्तीवस्तीत सतरंजीवर बसून रात्री जागवल्या, ते रेकॉर्ड केलेला ‘जय भीम’ पाठवतात. सभेला आले तर गाडीतून उतरेपर्यंत परत चढतात. चळवळ म्हणजे माणसानं माणसाला भेटणं होतं. ज्या दिवशी आपण आपल्याच माणसांकडं आवाज पाठवू लागलो आणि पाय पाठवणं बंद केलं, त्या दिवशी आपणही प्रस्थापित झालो. मग खोट्या आवाजात आणि आपल्या आवाजात आत्यानं फरक कसा करायचा? दोन्हीला कान नाहीत.

तेव्हा करायचं काय? चार कामं सांगतो. क्रांती नाही ही. पण याशिवाय ती होणारही नाही.

पहिलं. वस्तीतल्या प्रत्येक घरात एकदा बसा. म्हाताऱ्यांना सांगा : फोनवरचा आवाज कितीही ओळखीचा असला तरी मत, केंद्र, तारीख, कागदपत्र याबद्दल फोनवर आलेलं काही खरं धरायचं नाही. आधी आपल्या पोरांना विचारायचं. मतदारयादीतलं नाव आणि केंद्र निवडणूक आयोगाच्या १९५० या नंबरवर विचारता येतं. तो नंबर दारामागं खडूनं लिहून ठेवा.

दुसरं. धमकीचा, खोट्या पत्त्याचा फोन आला तर नुसता कट करू नका. राग येतो, पण थांबा. नंबर, वेळ, काय बोलला, लिहून ठेवा. जमलं तर रेकॉर्ड करा. दहा घरांत तोच फोन आला असेल तर दहा जणांनी मिळून तक्रार करा. डेट्रॉईटवाल्यांची केस उभी राहिली ती लोकांनी फोन जपून ठेवला म्हणून.

तिसरं. कायदा माहीत ठेवा. दलित-आदिवासी मतदाराला मत देऊ नको म्हणून किंवा अमक्यालाच दे म्हणून भाग पाडणं, धमकावणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतरही ते कलम आहे. कायद्याला धमकी पारावरची की फोनवरची, याचं देणंघेणं नाही. ठाण्यात ‘फोनवरचं काय मनावर घेता’ म्हणून हाकलतील. हलू नका. लिहून घ्या म्हणा.

चौथं, आणि सगळ्यात अवघड. स्वतः दार वाजवा. न्यू हेवनचा प्रयोग विसरू नका. माणूस दारात गेला की माणूस मतदानाला जातो. जिथं आपण जातो तिथं खोट्या आवाजाला जागा राहत नाही. जिथं आपण जात नाही तिथं मशीन जातं.

बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी १९२८ साली सायमन कमिशनसमोर मांडली तेव्हा इथले भलेभले म्हणत होते, अडाण्यांना मत कशाला? मताला शिक्षणाची, मिळकतीची अट हवी. बाबासाहेब अडून राहिले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी बजावलं की राजकारणात प्रत्येकाच्या मताची किंमत सारखी राहील, समाजात आणि पोटापाण्यात मात्र माणसाची किंमत सारखी नसेल, आणि ही विसंगती फार काळ चालवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. ती विसंगती आजही जिवंत आहे. फोन करणाऱ्यांना तिची बरोबर जागा सापडलीय. मताची किंमत समान आहे ना? मग ज्याची समाजात किंमत नाही, ज्याला घाबरवणं सोपं, त्याचंच मत मारा. स्वस्त पडतं.

आत्यानं विचारलं होतं, मी कुणाशी बोलत होते? आत्या, तू कुणाशीच बोलत नव्हतीस. तुझं गाऱ्हाणं हवेत गेलं. पण आम्ही तिथंच बसलो होतो, फोनच्या हातभर अंतरावर. आम्हाला ऐकू येत होतं. नळाला आठ दिवस पाणी नाही हे आम्हालाही माहीत होतं. आणि आम्ही हसत होतो.

म्हणून हा अंक छापून झाला की पहिलं काम ठरलंय. आत्याला घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं. रांगेत भांडणाऱ्या सगळ्या बायांना घेऊन जायचं. ज्याला कान आहेत असा एक तरी जिता माणूस शोधायचा आणि तो ऐकेपर्यंत हलायचं नाही. तुमच्या वस्तीत कुणाचा नळ कोरडा आहे, कुणाचं नाव यादीतून गेलंय, कुणाला धमकीचा फोन आलाय, बघा. जा.

जय भीम.

— संपादक मंडळ